तिसऱ्या बाटलीचं काय झालं

प्रिय क्रेनवाल्या बाईसाहेब,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आई सत्तरी उलटल्यावर लिहायला शिकली, असा काही चमत्कार झालेला नाही. बोलतेय मी, लिहितायत समोरच्या बिऱ्हाडात नव्याने राहायला आलेल्या बाई. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले, म्हणून मी त्यांना टेलिफोनबाई म्हणते. एवढ्या वर्षांत किती भांडणं ऐकली असतील, किती लग्नं जमताना आणि मोडताना ऐकली असतील, पण एक चकार शब्द कधी तोंडाबाहेर काढलेला नाही. मला अशीच बाई हवी होती. मी सांगेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं आमचं ठरलंय. तरी त्या गुपचूप माझी वाक्यं सरळ करतात. मी दोन शब्द बोलले आणि पेन चार ओळी चालत राहिलं, की मला कळतं.

आई फोन सोडून कागदाच्या नादी का लागली, असं म्हणशील. फोनवर मी काय बोलते ते तू परवाच्या रविवारी ऐकलंसच. भोंग्याच्या पाठच्या आपल्या पिटुकलीच्या कानात पाणी साठलंय, दोन बाटल्या औषध पोटात जाऊनही ती हाकेला वळत नाही, उलट पोट बिघडलंय आणि पाठीवर पुरळ उठलंय, तिथला कानाचा डॉक्टर नुसतं थांबा म्हणतो, म्हणून तू दुसऱ्या डॉक्टरकडून तिसरी बाटली लिहून आणलीस, हे सगळं तू सांगितलंस. मग मला एक प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. तू म्हणालीस, बस, मग उद्यापासून सुरू करते. त्या उत्तराकडे मला यायचंय. पण मी सरळ येणार नाही. आपला जिना चढताना हल्ली मी प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून थांबते, तशी थांबत थांबत येणार आहे. तोवर एवढंच कर, हे वाचून होईपर्यंत पिटुकलीला पुढचा डोस पाजू नकोस. अर्धा तास उशीर झाल्याने तिचं काही बिघडणार नाही. माझं बिघडेल, पण ते नंतर.

आधी इकडची खबर. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असते आणि उरलेले दिवस दारात अडकते, त्यामुळे चालू असली तरी भीती आणि बंद असली तरी दम. काज घालायचं काम अजून चालू आहे. सदऱ्यांची काजं तर कधीच मशीनवर गेली, पण तो म्हातारा कोटवाला अजून हाताच्या काजांचा हट्ट धरून बसलाय, म्हणून आठवड्याला चार कोट येतात. घरात खुर्च्या दोन. एकीवर मी बसते, दुसरीच्या पाठीला कोट. खांदे ताठ, पोट आत, कोणी तरी सभ्य माणूस पाहुणा आल्यासारखा. मी त्याच्याशी बोलते. तुझ्या बाबांपेक्षा बरा आहे, मी बोलत असताना उठून जात नाही. शनिवारी कोटवाल्याचा माणूस येऊन त्यांना घेऊन जातो आणि रविवारी खुर्ची मोकळी असते. म्हणून रविवारी तुझा फोन येतो ते बरं. अर्धा तास फोन, मग पुढचा सगळा वेळ मी त्या फोनमधलंच पुन्हा पुन्हा उलगडून बघत बसते, माप घेतलेल्या कापडासारखं.

या वेळी मात्र जे उलगडलं ते बघवेना.

तर सहा वर्षांपूर्वीचं. तुला बंदरावर क्रेनच्या प्रशिक्षणाला घेतलं, नऊ महिने, राहायला वसतिगृह, पोरं आणायला मनाई. जावई तेव्हा बोटीवर. तू भोंग्याला माझ्याकडे सोडायला आलीस तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याला अजून भोंगा हे नाव पडायचं होतं. हळू बोलायचा, इतका की मला वाकून ऐकावं लागे. त्याची चड्डी, बनियन, दात घासायचा ब्रश सगळ्यांवर तू चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्यास. मी म्हटलं, अगं बाई, ब्रश मला ओळखू येतो, चिठ्ठी ओळखू येत नाही. तू ओशाळलीस. मग दोघी हसलो. मग तू जिन्यावरून उतरलीस आणि वळून पाहिलं नाहीस. ते बरं केलंस, मीही खिडकीत नव्हते. होते, पण पडद्यामागे होते.

दुसऱ्या महिन्यात त्याला सर्दी झाली, ताप चढला, कान धरून रडायला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गुलाबी औषधाची पहिली बाटली दिली. आत कोरडी भुकटी, रेघेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, खळखळून हलवायची, सकाळ-संध्याकाळ बुचातल्या रेघेपर्यंत ओतून पाजायचं. अक्षरं येत नसली तरी रेघा मला येतात. आयुष्यभर रेघेवरच सुई टोचली आहे. एकही डोस चुकवला नाही. ताप गेला, ठणका गेला. ती बाटली बरोबरच होती, हे पुढे कानाच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. म्हणजे मी औषधाच्या वाइटावर आहे असं समजू नकोस.

पण त्यानंतर पोरगं बदललं. हाक मारली तर ढिम्म. टीव्हीला नाक लावून बसायचा, आवाज असा की खालचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. आणि स्वतः बोलायचा तो ओरडूनच. तेव्हाच त्याचं नाव भोंगा पडलं, मीच पाडलं, आणि मला त्याची मोठी गंमत वाटायची. एकदा त्याने माझा रिळांचा डबा उपडा केला. मी तीनदा नको म्हटलं होतं. मी चिडले, त्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि म्हटलं, मी ये म्हणेपर्यंत हलायचं नाही. पाच मिनिटांत माझा राग उतरला. ये रे म्हटलं, आणि कामाला लागले. गठ्ठा मोठा होता. हातातल्या सदऱ्याची सगळी काजं संपवून मान वर केली तर हा अजून तिथेच. कपाळ भिंतीला टेकलेलं, एक पाय दुसऱ्या पायावर. पाऊण तास झाला होता. मी म्हटलं, केवढा तो हट्ट, आजोबावर गेलाय. मग अगदी पाठीशी जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, ये रे राजा. तो हलला नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळला आणि ओरडून म्हणाला, आजी, आता येऊ? तुला हे मी कधी सांगितलं नाही. आत्ता सांगताना टेलिफोनबाईंनी मान खाली घातली आहे, लिहायला घालावी लागते त्याहून जास्त.

पुन्हा कोपऱ्यावरचे डॉक्टर. ताप नाही, दुखत नाही, फक्त ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी तेच गुलाबी औषध पुन्हा लिहून दिलं. दुसरी बाटली. तीही मी घड्याळ लावून पाजली. ऐकू काही येईना, पण चौथ्या दिवसापासून पोट जे सुटलं ते सुटलंच. दिवसातून सात-आठ वेळा. बूड लाल झालं, सोललं, बसता येईना म्हणून उभ्यानेच जेवायचा. मी धुवायला लागले की तो ओठ चावून गप्प राहायचा. एरवी भोंगा आणि तेव्हा गप्प. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी त्याला दोन बस बदलून मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी, केस कापलेले, हातावर शाळकरी पोरीसारखे शाईचे डाग. तिने कानात दिवा घालून पाहिलं, एका यंत्राने हवा फुंकून पाहिली. मग विचारलं, आजी, वाचता येतं का? मी म्हटलं, नाही, पण समजतं. तेव्हा तिने कागदावर चित्र काढलं. कानाच्या पडद्यामागे एक एवढीशी खोली, तिच्यातून नाकाच्या मागे जाणारी बारीक नळी. लहान मुलांची ती नळी आखूड आणि आडवी असते, सर्दीने सुजून बंद झाली की खोलीत पाणी साचतं आणि पडदा हलत नाही. मी म्हटलं, म्हणजे बेसिन तुंबलंय. ती म्हणाली, अगदी तसंच. मग म्हणाली, ताप नाही, ठणका नाही, पू नाही, मग जंतू मारायचं औषध कशासाठी? बेसिन तुंबलं म्हणून तुम्ही त्याला तापाची गोळी घालता का? बहुतेक मुलांचं हे पाणी तीन महिन्यांत आपोआप उतरतं. औषधाने एखाद्याचं थोडं आधी उतरेलही, पण त्यापायी पोट बिघडणारे आणि अंगावर पुरळ उठणारे कितीतरी निघतात, आणि उगाच औषध चाखून चाखून जंतू निर्ढावतात ते वेगळंच. तीन महिने थांबा. त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोला. बिडी-सिगारेटच्या धुरात नेऊ नका. दुखलं, ताप आला, कान वाहायला लागला तर लगेच या. तीन महिन्यांनी पाणी तसंच असेल तर पुढचा उपाय आहे माझ्याकडे. आणि तिने कागदावर बारा गोल काढले, आठवड्याला एक. तो कागद मी बटणांच्या डब्यात ठेवला आणि दर रविवारी एका दोऱ्यात एक बटण ओवायचं ठरवलं. बारा झाली की तिच्याकडे.

हे मी तुला त्याच रविवारी फोनवर सांगितलं, आठवतंय? निदान सुरुवात तरी केली होती. तू म्हणालीस, म्हणजे काहीच करायचं नाही? माझ्या पोराला ऐकू येत नाही आणि ती बाई म्हणते बसून राहा? तू रडत होतीस. मागे कुठेतरी भोंगे वाजत होते, खरे, बंदरावरचे. तू म्हणालीस, मी तिथे नाही म्हणून असं चाललंय. आणि मग ते वाक्य. आई, तुला औषधसुद्धा देता येत नसेल तर मी उद्याच येते आणि त्याला घेऊन जाते, खड्ड्यात गेलं ते प्रशिक्षण. दुसऱ्या दिवशी तू कोपऱ्यावरच्या डॉक्टरांशी परस्पर बोललीस, त्यांनी तेच गुलाबी औषध आणखी जोरदार करून लिहिलं, आणि औषधवाल्याने ती तिसरी बाटली दारात आणून दिली. दहा दिवसांची. वर तुझी अट, रोज संध्याकाळी फोनवर मला बाटली दाखवायची, किती खाली गेली ते मला दिसलं पाहिजे. पोरी, तू क्रेनवर गेलीस ते बरंच झालं. इतक्या उंचीवरून इतकं बारीक बघणारी बाई दुसरी नसेल.

पहिल्या संध्याकाळी मी बाटली हलवली, बुचात रेघेपर्यंत ओतलं. भोंगा आपण होऊन समोर येऊन उभा राहिला. उभाच, कारण बसता येत नव्हतं. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. ना नको म्हणाला, ना तोंड फिरवलं. ज्या औषधाने त्याची ही दशा केली त्याच्यासाठी आ करून उभा, कारण बूच माझ्या हातात होतं.

मी ते बेसिनमध्ये ओतलं.

इथे टेलिफोनबाईंचं पेन थांबलंय. एकतीस वर्षांत थांबलं नसेल असं. मी म्हटलं, लिहा हो, अजून पुढे खूप आहे. लिहितायत.

बेसिनमध्ये ओतलं आणि बुचात साखरपाणी भरून त्याला पाजलं. त्याने ओठ चाटले आणि ओरडून म्हणाला, आजी, आजचं छान आहे. त्यानंतर दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, रेघेपर्यंत बूच भरून मी ते गुलाबी औषध बेसिनला पाजलं. एकदम ओतून टाकता आलं नसतं, तुला रोज बाटली दाखवायची होती ना. इतका नेम मी तुझ्या बाबांच्या पथ्यालाही पाळला नव्हता. औषध गोड होतं, बेसिनला मुंग्या लागल्या. खिडकीच्या चौकटीतून निघून नळाखालून थेट जाळीपर्यंत रांग. भोंगा तासन्‌तास बघत उभा राहायचा. एकदा त्याने विचारलं, आजी, मुंग्यांचे पण कान दुखतात? मी त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, दुखत होते, आता बरे आहेत.

आता तू विचारशील, तुला पटलं नव्हतं तर सरळ का नाही सांगितलंस. दोन कारणं. एक म्हणजे तू प्रशिक्षण सोडून आली असतीस. मला सही करता येत नाही म्हणून तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर शेजारीण सही करायची, तू सगळ्यांना ती मावशी आहे असं सांगायचीस, हे मला ठाऊक होतं. असल्या घरातली मुलगी एवढी उंच चढत होती, तिला माझ्या तोंडाने खाली ओढायचं नव्हतं. हे कारण मी स्वतःला मोठ्याने सांगत असे. दुसरं हळू सांगायची. तू आली असतीस तर त्याला घेऊन गेली असतीस. खालचे लोक छत ठोकत होते, टीव्ही बोंबलत होता, पोरगं जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं आजी, शू आली म्हणत होतं, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कोणीतरी राहतंय असं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंवर माझा विश्वास बसला होता हे खरं. पण तिच्यावर विश्वास ठेवणं मला सोयीचंही होतं. थांबा, म्हणाली ना ती. मला तेच हवं होतं, सगळ्यांनी थोडं थांबावं.

मग आम्ही थांबलो. मी हाक मारायचं सोडलं. आधी खांद्याला हात, मग समोर उकिडवं बसायचं, मग बोलायचं. गुडघ्यांनी तेव्हापासूनच माझ्याशी वैर धरलंय. पोट आठवडाभरात ताळ्यावर आलं, बूड बरं झालं, बसून जेवायला लागला. दर रविवारी एक बटण. तीन झाली, पाच झाली, आठ झाली. ऐकू येत नव्हतं ते नव्हतंच. माझा धीर सुटत चालला होता, हेही सांगून टाकते. बाहेर गाडीच्या आवाजाला तो दचकला नाही, की मी उठून बेसिनच्या जाळीकडे बघायची. ओतलेलं औषध परत बाटलीत भरता येतं का, असं वाटायचं.

आणि मला एक वाईट खोड लागली. त्याला मागून ऐकू येत नाही म्हटल्यावर मी त्याच्या पाठीशी बोलायला लागले. तो टेबलाखाली रिकाम्या रिळांची बोट करून खेळायचा आणि मी वर काज घालता घालता वाटेल ते बडबडायची. जे मी तुझ्याशी बोलले नाही, तुझ्या बाबांशी बोलले नाही, ते सगळं. कोटाशी बोलायची सवय तिथूनच आली. अकरावं बटण ओवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अशीच पाठमोरी बसून सुईत दोरा घालत होते आणि म्हणत होते, दोन महिन्यांनी तुझी आई तुला घेऊन जाईल, मग रे मी कोणाशी बोलू. टेबलाखालून आवाज आला, मला फोन कर ना, आजी. ओरडून नाही. हळू. वाकून ऐकावं लागेल असा. सुई माझ्या बोटात गेली, पांढऱ्या सदऱ्याच्या पट्टीवर लाल ठिपका पडला. मी मागे न बघता, ओठ जेमतेम हलवत म्हटलं, पिवळं रीळ दे. त्याने पिवळं रीळ माझ्या मांडीवर ठेवलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाल्या, पाणी उतरलं, आजी, छान थांबलात. मी परत येताना बसमध्ये एवढाच विचार करत होते, की कानांतलं पाणी नेमकं कोणत्या दिवशी उतरलं असेल आणि तेव्हापासून या पोराने माझं काय काय ऐकलं असेल.

तो गेला तेव्हा त्याची रिळांची बोट घेऊन गेला. त्यानंतर आजतागायत टेबलाखाली काही नाही.

तुला मात्र गोष्ट वेगळीच ठाऊक आहे. आईने तिसरी बाटली नेमाने दिली म्हणून भोंग्याचे कान वाचले, ही तुझी गोष्ट. बंदरावरच्या तुझ्या मैत्रिणींना तू त्या बाटलीचा फोटो दाखवतेस, आमच्या आईने दिलेलं औषध म्हणून. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला फोनवर म्हणतेस, आई, तू होतीस म्हणून. मी म्हणते, जाऊ दे गं. लोकांना वाटत असेल म्हातारी विनयशील आहे. पोरी, तू मला पुष्कळ गोष्टींची माफी दिलीस, न बोलता दिलीस, मला कळतं. पण तोंड भरून आभार एकाच गोष्टीचे मानलेस, आणि नेमकी ती मी केलेली नव्हती. वर्षातून एकदा येणारा तो एक दिवस मला सोडवेना. सहा वर्षं मी तो काजाच्या कडेसारखा गच्च टाके घालून धरून ठेवला.

आता ते उत्तर. रविवारी तू विचारलंस, आई, भोंग्याला तिसऱ्या बाटलीच्या नक्की आठव्या दिवशीच ऐकू यायला लागलं होतं ना? आणि मी म्हणाले, हो, आठव्या दिवशी. पिटुकलीचं पोट बिघडलंय, पाठीवर पुरळ आहे, हे ऐकून एका मिनिटाने म्हणाले. तू म्हणालीस, मग मीही तुझ्यासारखी नेमाने देईन. फोन ठेवला आणि मला दिसायला लागली ती पिटुकली, आ करून उभी, आणि बूच तुझ्या हातात. तेव्हा ऐक. आठव्या दिवशी काही झालं नव्हतं. आठव्या दिवशी तू फोनवर ओरडून विचारलंस, बाळा, आईचा आवाज येतो का, आणि मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. गुडघा दाबला की हो म्हणायचं, असं मी त्याला सकाळीच शिकवलं होतं. तो हो म्हणाला आणि तू रडायला लागलीस. त्याला विचार, आता दहा वर्षांचा आहे, गुडघा त्याला आठवत असेल. फोनवर हे मी तुला सांगू शकले नसते, तुझा आवाज ऐकला की माझी जीभ तुला बरं वाटेल तेच बोलते. म्हणून दुसऱ्याच्या हाताने लिहिलं, की मला परत घेता येऊ नये. टेलिफोनबाई या पानांचे फोटो काढून आजच तुझ्या फोनवर पाठवतील, कागद मागून पोस्टाने येईल. औषध माझ्या शब्दावर बंद करू नकोस, माझ्या शब्दावर चालू केलंस तेवढं पुरे झालं. तो थांबा म्हणणारा कानाचा डॉक्टर आहे ना, त्याला आत्ता फोन कर, पुरळाचं पहिल्यांदा सांग आणि तो म्हणेल तसं कर. मग बारा बटणं काढून ठेव. सुट्टीत भोंग्याला माझ्याकडे पाठवणार होतीस, त्याचं तू ठरव, मी विचारणार नाही. सही म्हणून खाली लाल दोऱ्याचं काज घातलंय, फोटोत नीट दिसणार नाही, कागद आला की बोट फिरवून बघ, एक टाकासुद्धा खोटा नाही. आज बुधवार आहे, खुर्चीवर राखाडी कोट आहे. तुझा फोन आला तर उचलेन, आणि या वेळी खरं बोलेन. नाही आला तर कोटाला सगळं पहिल्यापासून सांगेन, त्याने अजून हे ऐकलेलं नाही.

तुझीच, गुडघा दाबणारी,
आई